सोनियाचे डोहाळे

सोनियाला सातवा महिना लागला होता. रक्तदाब वाढलेला, पाय सुजलेले. वेल्ह्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, काम बंद, डाव्या कुशीवर पडून राहायचं.

"आत्या, डॉक्टर म्हणत्यात..." तिनं तोंड उघडलं, तशी सासू बनाबाई कडाडली, "आमी काय कुशीवर पडून बाळंत झालो व्हय? लावणी कोण करनार, तुजा डॉक्टर?"

त्याच दुपारी भाताच्या खाचरात वाकल्या वाकल्या सोनियाच्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि ती चिखलात कोसळली. भोरच्या दवाखान्यात वेळेत पोचली, म्हणून दोन्ही जीव वाचले.

ती घरी आल्यावर बनाबाईनं मोठ्या हौसेनं डोहाळजेवण घातलं. गावच्या बायकांसमोर सुनेच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "सांग गं बाय, कसलं डोहाळं लागल्यात? काय बी माग. डोहाळं पुरवलं न्हाईत तर लेकराचं कान फुटत्यात."

सोनिया गोड हसली.


"आत्या, एकच डोहाळा हाय. उरलेलं खाचर तुमी एकटीनं लावायचं, आन् म्या बांधावर डाव्या कुशीवर पडून बघायचं."