पोहण्याचा चष्मा

ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, मग सायकल मारायची, मग धावायचं. नाव दिलं खरं, पण ‘नसते उद्योग’ म्हणून सासूबाई फैलावर घेतील, या भीतीने मी मागच्या गल्लीने सरावाला जायचे. आज पोहून थेट सायकलवर बसायचा पहिलाच सराव होता. घाईत पोहण्याचा चष्मा डोळ्यांवरच राहिला, काचा धुरकटल्या, वळण हुकलं आणि मी निथळत भर बाजारात शिरले. बेकरीसमोर साक्षात सासूबाई उभ्या होत्या. घरी आल्यावर चष्मा पाठीमागे लपवून मी उभी राहिले. “बेकरीवाली विचारत होती, ही कोण बया,” त्या म्हणाल्या. “सांगितलं, माझी सून आहे. उद्याही तिथूनच जा. चार मैत्रिणींना बघायला बोलावलंय.” मग माझ्या हातातला चष्मा घेऊन त्यांनी स्वतःच्या डोळ्यांना लावला आणि आरशात पाहिलं. “येताना असे आणखी पाच घेऊन ये.”