दोन कुलपं

दादा नि मी वेगळे झालो तेव्हा मळे वाटले, घर वाटलं. दोघांची द्राक्षं मिसळून केलेली रेड वाईन मात्र कुणाची, हे काही ठरेना. शेवटी सगळ्या बाटल्या तळघरात आडव्या ठेवल्या आणि दाराला दोघांनी आपापलं कुलूप ठोकलं.

एकतीस वर्षांनी आज दार उघडलं. चाखायला बोलावलेल्या जाणकारानं घोट जिभेवर घोळवला.

"काय मुरलीय! तुरटपणा औषधालाही नाही. दोन मळ्यांची द्राक्षं, पण आता वेगळी काढून दाखवा. एवढा धीर कसा धरलात हो?"

"कसला डोंबलाचा धीर! दादाकडे किल्ली मागायला जीभ रेटली नाही."

 

गेल्या महिन्यात दादा गेला. किल्ली वहिनीनं न मागता आणून दिली.