भाता

ट्रम्पेटवाला पुन्हा मध्येच थांबला. चार सूर वाजवून त्याने ट्रम्पेट खाली घेतलं आणि लोकांकडे पाठ करून उभा राहिला. तेवढ्यावर हॉटेलच्या डायनिंग हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला.

सॅक्सोफोनवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. कित्येक वर्षं तो या बँडमध्ये जीव तोडून वाजवत होता. सोलो सुरू केला की दम संपेपर्यंत सोडायचा नाही, म्हणून सगळे त्याला ‘भाता’ म्हणत. मान लालबुंद व्हायची, शर्ट पाठीला चिकटायचा, आणि लोक मान खाली घालून जेवत राहायचे.

ट्रम्पेटवाला येऊन काही महिनेच झाले होते. पण आता खास त्याच्यासाठी कॉलेजची पोरं येत, जेवण न मागवता दाराशी उभी राहत आणि खरा जॅझवाला कसा ओळखायचा यावर वाद घालत. कुणी म्हणे, तो टाळ्यांना भुलत नाही. कुणी म्हणे, तो बोलत नाही. एकाने तर त्याच्यासारखे जुनाट, बिनपॉलिशचे बूट घालायला सुरुवात केली होती.

घरी बायको भात्याच्या शर्टाला इस्त्री करत होती. ती दर शनिवारी कोपऱ्यातल्या टेबलावर बसून बँड ऐकायची. बोलता बोलता ती म्हणाली, “त्याला कुठे गप्प बसायचं ते कळतं हो.”

“आणि मला कळत नाही?”

तिने कॉलर उलटी केली आणि इस्त्री फिरवत राहिली. त्या दिवशी भाता न जेवताच कामावर गेला.

त्याला सगळ्यात जास्त झोंबायचं ते त्या माणसाचं हसू. भात्याचा सोलो रंगात आला की ट्रम्पेटवाला नेमका त्याच्यासमोर येऊन उभा राहायचा. डोळे अर्धे मिटलेले, ओठांच्या कडेला बारीकसं हसू. हा आपली टिंगल करतोय याबद्दल भात्याला तिळमात्र शंका नव्हती. एकदा त्या हसण्याकडे लक्ष गेलं आणि सॅक्सोफोन भर हॉलमध्ये चिरकला. ट्रम्पेटवाल्याने डोळे उघडले, क्षणभर पाहिलं आणि पुन्हा मिटले.

भात्याने त्याची चौकशी केली. कळलं ते असं, की हा दुसऱ्या शहरातल्या एका नावाजलेल्या बँडमध्ये होता आणि तिथून आपणहून निघाला होता. भात्याने हे तिखटमीठ लावून हॉटेलच्या स्वयंपाकघरापासून गच्चीपर्यंत पोचवलं. असली नोकरी कुणी सुखासुखी सोडत नाही, काहीतरी भानगड असणार. बँडचे मास्तर पियानोवर बसत. त्यांच्याही कानावर त्याने हे घातलं. ते एवढंच म्हणाले, की माणूस विचार करूनच आला असेल.

मग भात्याने मास्तरांच्या मागे लागून बँडमधली सगळ्यात वेगवान धून लावायला सांगितली. याचं पितळ उघडं पडू दे, असा त्याचा हिशेब. धून सुरू झाली आणि भाता तुफान सुटला. ट्रम्पेटवाला स्टुलावर बसून राहिला. शेवटी उठला, एकच लांब सूर लावला आणि पुन्हा बसला. हॉल उभा राहिला. भात्याचा मेहुणा त्या दिवशी जेवायला आला होता. तो उठून टाळ्या वाजवत म्हणाला, “भावजी, हा काही वाजवतच नाही, तरी काय भारी वाटतं.”

भात्याने मनाशी ठरवलं. गप्पच बसायचं ना? मग आपणही बसू.

तो आरशासमोर सराव करू लागला. चार सूर, मग थांबायचं. खांदे सैल सोडायचे, नजर कुठेतरी लांब ठेवायची. बायकोने दारातून पाहिलं आणि काळजीने विचारलं, बरं वाटत नाही का?

पण हॉलमध्ये ते लागू पडलं. भाता मध्येच थांबला की लोक घास थांबवून वर बघू लागले. दाराशी उभी असलेली पोरं माना डोलावू लागली. मेहुण्याने तर येऊन मिठी मारली.

आणि ट्रम्पेटवाल्याचं हसू गेलं. भाता थांबला की तो त्याच्याकडे बघत राहायचा, जणू पुढचं काही राहून गेलंय. भाता नजर फिरवायचा. मग ती रिकामी जागा भरायला ट्रम्पेटवालाच वाजवू लागला, कधी घाईने, कधी चुकत. आता तो लोकांकडे तोंड करून उभा राहायचा. कॉलेजची पोरं यायची कमी झाली. भात्याला कित्येक महिन्यांनी गाढ झोप लागली.

एका दुपारी तो सरावाला आला तेव्हा ट्रम्पेटवाल्याचं स्टूल रिकामं होतं. मास्तर खुर्च्या लावत होते. त्यांनी सांगितलं, की तो सकाळच्या गाडीने गेला, परत यायचा नाही.

भात्याने चेहरा शक्य तितका गंभीर ठेवला. “टिकला नाही म्हणायचं. कारण काय सांगितलं?”

मास्तरांनी हातातली खुर्ची खाली ठेवली. मोठा बँड सोडून इथे का येतोस, हे त्यांनी त्याला पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तेव्हा तो म्हणाला होता, एकदा या गावातून जाताना या हॉलमध्ये जेवायला बसलो आणि एकाचं वाजवणं ऐकून घास हातातच राहिला. त्या माणसासमोर रोज उभं राहून ऐकायला मिळालं, तर दुसरं काही नको.

भाता पुन्हा जळफळला. कोण हा एक? ड्रमवाला? की स्वतः मास्तर? आणि आपल्याला इतके दिवस कुणी सांगितलं कसं नाही?

“मग गेला कशाला?” त्याने विचारलं.

मास्तर त्याच्याकडे बघत म्हणाले, “म्हणाला, भाता आता वाजवत नाही.”