धाकट्याची जागा

"हा मधला रिकामा भाग कापून टाकू ना, सर?" काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट बाईंचा आवाज हेडफोनमध्ये आला.

"नको," थोरला म्हणाला.

"अहो, पण दीड मिनिट नुसती साथच चाललीय. वर कोणीच काही वाजवत नाहीये."

"असू दे. ती धाकट्याची जागा आहे."

ड्रमवर बसलेल्या ढोल्याने काड्या मांडीवर ठेवल्या आणि छताकडे बघितलं. चार दिवसांत हे उत्तर ऐकून त्याचे कान किटले होते.

बँड चौतीस वर्षांचा. ब्लूज आणि रॉक, तेही कागदावर काही न लिहिता, एकमेकांच्या तोंडाकडे बघत तिथल्या तिथे वाजवायचं. नवा अल्बम अकरा वर्षांनी होत होता. थोरल्याचे केस गेले होते, ढोल्याची कंबर पट्ट्यात होती, पण एक नियम शाबूत होता. प्रत्येक गाण्यात प्रत्येकाला आपली जागा मिळायची. बाकीच्यांनी खाली तीच चाल फिरवत राहायची. ज्याची जागा असेल त्याने मनसोक्त वाजवावं आणि झालं की मान वर करावी. तोवर ब्रह्मदेव आला तरी त्याला थांबवायचं नाही.

हा नियम थोरल्यानेच केला होता. अकरा वर्षांपूर्वी भर कार्यक्रमात त्यानेच तो मोडला. धाकटा भाऊ डोळे मिटून माउथ ऑर्गन वाजवत होता. फार सुरेख वाजवत होता, तीच तर अडचण होती. गिटार वाजवणारा, गाणारा थोरला तिथे उभा आहे हे लोक विसरूनच गेले. थोरल्याने मूठ वर केली. बँड थांबला आणि धाकट्याचा सूर भर सभागृहात एकटा उघडा पडला. धाकट्याने बाजा रुमालात गुंडाळला, खिशात घातला आणि मागच्या दाराने निघून गेला. पुढे आईच्या आजारपणात दोघे दवाखान्यात एकाच बाकावर बसायचे, पण बोलायचे ते डॉक्टरांशी.

थोरल्याला त्याची आठवण यायची. सरळ सांगायचं तर रोज यायची. गाण्यात ती जागा आली की त्याची बोटं आपोआप हलकी व्हायची आणि कान दाराकडे लागायचे. या आठवड्यात एकदाचा धीर करून त्याने फोन लावला. भावजयीने उचलला. "सांगते त्यांना," एवढंच ती म्हणाली.

शेवटच्या दिवशी दुपारी, शेवटचं गाणं बाकी असताना, दार ढकलून धाकटा आत आला. पार वाळला होता. जिना चढून आल्यावर बराच वेळ खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

"वजन कुठे ठेवून आलास रे?" ढोल्याने विचारलं.

"तुझ्याकडेच दिसतंय की," धाकटा म्हणाला. सगळे हसले. थोरला जरा जास्तच हसला. चार दिवस घोकलेलं माफीचं वाक्य त्याच्या जिभेवर होतं. "माईक उंच होतोय का तुला?" एवढंच तोंडातून बाहेर पडलं.

गाणं सुरू झालं. धाकट्याची जागा आली. त्याने रुमाल सोडला, बाजा ओठांना लावला, मान खाली घातली, डोळे मिटले. आणि काहीच वाजवलं नाही.

खालच्या चालीचा एक फेरा गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला बाईंनी काचेपलीकडून दोन्ही हात पसरले. चौथ्याला थोरल्याची कानशिलं तापली. म्हणजे हा उट्टं काढायला आला! अकरा वर्षं मनात धरून, सगळ्यांसमोर माझी शोभा करायला! पाचव्या फेऱ्यात त्याचा उजवा हात तारांवरून सुटला, मूठ वळली आणि छातीपर्यंत आली. ढोल्याने वाजवता वाजवता डोळे वटारले.

थोरल्याने त्याच मुठीने कान खाजवला आणि हात परत तारांवर ठेवला.

सहावा. सातवा. धाकट्याच्या वाकलेल्या मानेवर आईसारखाच केसांचा भोवरा होता. तो पांढरा झालेला थोरल्याने आज पहिल्यांदा पाहिला. वाजव नाहीतर नको वाजवूस, त्याच्या मनात आलं, पण असाच उभा राहा. नवव्या फेऱ्याला धाकट्याने मान वर केली. सगळ्यांनी मिळून गाणं संपवलं.

"सर, हे... ठेवायचं?" बाईंनी विचारलं.

"अख्खं," थोरला म्हणाला. मग गिटार उतरवून तो धाकट्याजवळ गेला. "अजून रागावलायस?"

धाकटा बाजा रुमालात गुंडाळत होता. प्रत्येक शब्दाला थांबत, दम गोळा करत तो बोलला.

"दोन वर्षांपूर्वी एक फुफ्फुस काढलं, दादा. आता वाजवणं नाही. तू थांबवतोस का, तेवढंच ऐकायला आलो होतो. पाचव्या फेऱ्यात तुझी गिटार दोन ठोके थांबली ना, तेव्हा होता नव्हता तेवढा श्वास रोखून धरला मी."