ताईचं माप

शेवटच्या खोक्यातही स्मॉल साइज नव्हती.

ताई सामानघरात जमिनीवर फतकल मारून बसली होती आणि तिच्याभोवती नव्या पँट्सचा ढीग पडला होता. सगळ्या निळ्या, सगळ्या तिनेच निवडलेल्या. बर्फावर स्नोबोर्ड शिकवणाऱ्याची पँट आधी जाते ती बुडाखाली. उतारावर बसायचं, बूट बोर्डाला आवळायचे, पडलेल्यांना उठवायचं, की पुन्हा बसायचं. दिवसभर हेच. दुकानदार काय, पेलाभर पाणी कापडावर ओततात, थेंब ओघळले की मिशीला पीळ देतात. ताईचा असल्या नाटकावर काडीचा विश्वास नव्हता. तिने नमुन्याची एकेक पँट चढवली, आत कागदी रुमाल ठेवला आणि वितळत्या बर्फात ठाण मांडून बसली.

"ताई अंडी उबवतेय," उंट म्हणाला. उंट म्हणजे स्नोबोर्डच्या शाळेतला सगळ्यात लांब पायांचा मास्तर. सगळे हसले, तीही हसली. रुमाल ओला निघाला की पँट बाद. अशा किती बाद झाल्या, तेव्हा कुठे ही टिकली. शिवणींना आतून टेप, बुडाला आणि गुडघ्यांना दुहेरी कापड, घोट्याशी बूट घासतो तिथे जाड पट्टी.

"हीच घे," तिने धाकट्या भावाला सांगितलं. शाळा भावाची होती. त्याला बोर्डावर उभं राहायला मात्र हिनेच शिकवलं होतं, पडला की नाक पुसून, पुन्हा उभा करून.

"तू म्हणशील ती," भाऊ म्हणाला.

मग सगळ्यांची मापं विचारली गेली. ताईला कुणी विचारलं नाही. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. सख्ख्या भावाने बहिणीचं माप काय विचारायचं?

"काका, दुकानाने घोळ घातलाय," ती आता म्हणाली. "उंटाची आली, त्या नव्या मुलीचीही आली. माझीच तेवढी राहिली."

सामानघर सांभाळणारे काका पाठमोरे उभे राहून दाराच्या बिजागरीला तेल देत होते. बिजागरी काही कुरकुरत नव्हती.

"काका?"

"भावाला विचार, बाई," ते म्हणाले. तोंड दाराकडेच.

अंडी उबवतेय म्हणून हसणारे सगळे चेहरे तिच्या डोळ्यांपुढून गेले. कुणाकुणाला ठाऊक होतं, हे विचारायचं धाडस तिला झालं नाही.

तेवढ्यात भाऊच आला. ढीग बघून दारातच थबकला. काकांनी तेलाची बाटली उचलली आणि काढता पाय घेतला.

"सांगणारच होतो तुला," भाऊ म्हणाला. "तुझा गुडघा हल्ली दुखतो ना. या मोसमात तू तिकिटांच्या खिडकीवर बस. आत हीटर आहे. पगार तोच."

"माझा गुडघा जिने चढताना दुखतो. उतारावर कधी दुखलाय?"

भावाने पायाने एक रिकामं खोकं बाजूला सरकवलं.

"कधी ठरवलंस हे?"

"झाले बरेच दिवस."

"पँट निवडायच्या आधी की नंतर?"

भावाने वाकून एक पँट उचलली, तिची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "आधी," तो म्हणाला. "पण ताई, तुझ्याएवढं कळतं कुणाला त्यातलं?"

परका असता तर ताईने त्याचे वाभाडे काढले असते. पण इथे केसाने गळा कापला होता तो घरच्याच माणसाने, आणि वर केसही तिच्याकडूनच निवडून घेतला होता. तिला रडू येत होतं आणि त्याच्यासमोर ते येऊ द्यायचं नव्हतं. ती उठली आणि अंगावरची धूळ उगाचच बराच वेळ झटकत राहिली.

"त्या नमुन्याच्यातली एक तुझ्या मापाची पडलीय बघ," भाऊ हळूच म्हणाला. "ती ठेव तुला."

"ती गळते," ताई म्हणाली. "मीच बाद केलीय."

सकाळचा पहिला वर्ग उताराच्या पायथ्याशी जमला. शिकवणारे नव्या पँट्समध्ये रांगेत बसले. रात्री पाऊस पडून गेल्यामुळे बर्फाचा नुसता चिखल झाला होता. तरी कुणी बसताना दचकलं नाही, कुणी बूड उचलून पाहिलं नाही. निवड चोख झाली होती. तिकिटांच्या खिडकीपाशी लोक ताटकळले होते आणि आतली खुर्ची रिकामी होती.

ताई आली ती काखोटीला बोर्ड मारून. अंगात तिची जुनीच पँट होती, मागे ठिगळ लावलेली. रांगेत कुणी मान वर केली नाही. उंटाने तेवढे आपले लांब पाय आवरले आणि जागा करून दिली. ताई बसली. गार पाणी ठिगळातून सरळ आत शिरलं.

भाऊ पुढे उभा होता, वर्ग सुरू करायला. तो जवळ आला, खाली वाकला.

"ताई, ऊठ," तो हलक्या आवाजात म्हणाला. "भिजशील."

"भिजलेलं वाळतं रे," ताई म्हणाली आणि तिने बुटाचा पट्टा आवळला.