बिनऔषधाची पारडी

“फसवलंत मला, साहेब! सगळ्यांच्या पारड्यांना औषध, आन् माझीला नुसतं मिठाचं पाणी टोचलं व्हय?”

पारडी घरी न्यायला आलेल्या कोंडाबाईला ही गोष्ट संशोधन केंद्राच्या दारातच कळली होती. अमिनो आम्ल शिरेत दिलं की म्हशीच्या पारडीच्या अंगात वाढीचं संप्रेरक जास्त सुटतं का, हे इथं तपासत होते. तिची पारडी एवढी खुरटली होती, की तिचा नवरा ती खाटकाला द्यायला निघाला होता. भांडून तिनं ती इथं आणून बांधली होती.

केंद्राचे साहेब हातातली नोंदवही चाळू लागले. तरुण डॉक्टरीणबाई म्हणाली, “मावशी, औषधाचा गुण कळायला काही जनावरं बिनऔषधाची ठेवावीच लागतात. पण बघा तरी तिच्याकडं!”

कोंडाबाईनं पाहिलं. पारडीची कातडी तेल चोपडल्यासारखी चमकत होती. ती दावं ओढून तिच्याकडेच झेपावत होती. आता हिला खाटकाकडं कोण धाडतंय!

तिनं पिशवीतला नारळ काढून डॉक्टरीणबाईच्या ओटीत घातला. “माझी लक्ष्मी राखलीस, लेकी. तुझं कल्याण होईल. पण मग ही वाढली कशानं?”

“सुरुवातीला सगळ्यांनाच जंताचं औषध पाजलं होतं. वर पोटभर चारा-पेंड. दुसरं काही नाही.”

कोंडाबाईचा हात ओटीवरच थबकला. मग ती साहेबांकडं वळली.

“एवढंच? मग आमच्या गावात येऊन हे कुणी का न्हाई सांगितलं? माझी आधीची दोन रेडकं अशीच खंगून मेली, साहेब. का मेली? बोला की!”