नववीतली काजल

"पुरावा मोठ्या पडद्यावरच पाहावा, अशी विनंती आहे," धर्मेंद्र पराते सर म्हणाले आणि परवानगीची वाट न पाहता त्यांनी लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला.

समोर मयुरी भोयर बसली होती. कंत्राटी शिक्षिका, विषय विज्ञान. तिच्या कंत्राटाला मुदतवाढ द्यायची की नाही, हे मुख्याध्यापिका प्रेमिला धकाते आज ठरवणार होत्या. सरांच्या मते ठरवण्यासारखे काही उरलेच नव्हते.

शिक्षकांनी समाजमाध्यमे कशी वापरावीत, याची शाळेची नियमावली सरांनी लिहिली होती. मुलांचे चेहरे आणि गणवेश दाखवायचे नाहीत. विद्यार्थ्याशी खासगी संदेशांतून बोलायचे नाही. जे काही असेल ते पालक सामील असलेल्या वर्गाच्या ग्रुपवर. नियम सोपे होते, पण वाचणाऱ्यांच्या बुद्धीविषयी सरांचे मत निरीक्षणातून बनले होते. तुळशीचे पान मोबाइलचे किरण शोषते, हा संदेश जे शिक्षक श्रद्धेने पुढे पाठवतात, त्यांच्याकडून अपेक्षा तरी काय ठेवायची?

मयुरीचा प्रकार आणखी खालचा. ती व्हिडिओ करायची. पोह्यांवर तर्री, म्हणजे तेलकट तिखट रस्सा, ओतत विचारायची, "तेल वर काहून तरंगते, सांगा बरं!" घनता शिकवायला तर्री! तो व्हिडिओ दोन लाख लोकांनी पाहिला होता. सरांचे 'घनता : एक सोदाहरण विवेचन' मोजक्या लोकांनी पाहिले होते, आणि त्यांत सर स्वतः होते.

म्हणून त्यांनी प्रयोग केला. इन्स्टाग्रामवर काजल नावाची एक मुलगी निर्माण केली. नववीतली, कारण नववी 'ब'चे ते वर्गशिक्षक होते आणि त्या वयाची मुले त्यांना पुरती ठाऊक होती. प्रोफाइलवर गाव टाकले शहराबाहेरचे कन्हान, कारण शहानिशा करायला तिथवर कोण जाणार?

"सुरुवातीला काजलने अभ्यासातल्या शंका विचारल्या," सर म्हणाले. "उत्तर प्रत्येक वेळी एकच. 'हे ग्रुपवर विचार, साऱ्यायच्या कामी येईल.' म्हणून मी उद्दीपक वाढवला."

पडद्यावर मंगळवारचा संदेश उमटला. 'मॅडम माझं लग्न ठरवलं. रविवारी. सोमवारपासून शाळेत येऊ देत नाहीत. कोणाला सांगू?'

खाली मयुरीचे उत्तर होते. 'भिऊ नको बाळा. आम्ही आहोत. घर कुठं हाय, फक्त खूण सांग.'

"इथे प्रयोग संपला. खासगी संदेश, अल्पवयीन विद्यार्थिनी, आणि वर घरच्या पत्त्याची चौकशी."

"ही काजल आपल्या शाळेत आहे?" प्रेमिला मॅडमनी विचारले.

"काजल कुठेच नाही. नववीच्या दोन्ही तुकड्यांत त्या नावाची एकही मुलगी नाही, हे मी आधीच तपासले होते. काजल म्हणजे मी."

मयुरी रडेल, अशी सरांची अटकळ होती. ती खुर्चीत पुढे सरकली.

"तुम्ही? असं कसं, सर?"

"असंच असतं, मॅडम. दोन लाख लोक पाहतात तुम्हाला. त्यातला कोण काजल होऊन येईल, याचा विचार तर्री ओतताना करायचा असतो."

"ते उत्तर तिने माझ्यासमोर लिहिलं," प्रेमिला मॅडम म्हणाल्या. "संदेश आल्याबरोबर मोबाइल घेऊन ती माझ्याकडे आली होती."

म्हणजे एकीऐवजी दोघी फसल्या. सरांनी हे वाक्य ओठांवरच थोपवले. पदाचा मान राखणे त्यांना जमत असे.

"पण सर, आम्ही तं कन्हानले जाऊन आलो," मयुरी म्हणाली. "बुधवारी."

"कशाला?"

"मले वाटलं, भेऊन खोटं नाव लिहिलं असंल. म्हणून नववीतली कन्हानची कोणती पोरगी सोमवारपासून येऊन नाही राहिली, ते पोरींलेच विचारलं. एकच निघाली. बाल संरक्षणवाल्या मॅडमले संग घेऊन गेलो. तिच्याच लग्नाच्या मांडवाचे बांबू गाडून राहिले होते, सर. ते थांबवूनच आलो."

सरांनी पडद्यावरचा संदेश आणखी मोठा केला.

"ती सारखी म्हणे, मी नाही लिहिलं, माझ्यापाशी मोबाइलच नाही. मी म्हटलं, घाबरली असंल बिचारी." मयुरीने पडद्याकडे पाहिले. "खरंच बोलत होती म्हणजे."

"योगायोग आहे," सर म्हणाले. हा शब्द उत्तरपत्रिकेत आला की ते त्याच्याभोवती लाल वर्तुळ काढत. "मी जे कल्पिले, त्याच्याशी जुळणारी एखादी मुलगी कुठेतरी असणारच. त्याने नियमभंग पुसला जात नाही."

"कुठेतरी नाही, सर." प्रेमिला मॅडमनी दाराकडे वळून हाक दिली. "ये वं आत, बाळा."

गणवेशातली एक सडपातळ मुलगी आत आली. मयुरीच्या खुर्चीला खेटून उभी राहिली. सरांनी तिला आपादमस्तक न्याहाळले. हा चेहरा त्यांनी कधी पाहिल्याचे त्यांना आठवेना. साक्षीदार ऐनवेळी उभा केलेला आहे, हे उघड होते. आणि असा साक्षीदार पहिल्याच प्रश्नाला गडबडतो, हेही त्यांना माहीत होते.

"नाव?"

"प्रणाली."

"नववीत आहेस म्हणतात. तुकडी कोणती?"

मुलीने आधी मयुरीकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. सर आपली थट्टा करताहेत की काय, अशी शंका तिच्या डोळ्यांत होती.

"ब, सर," ती म्हणाली. "तुमच्या टेबलासमोरच्या बाकावर बसते मी."